ताठरपणाचा हिशेब

लोणंदच्या बाजार समितीत चाळीस वर्षे कांद्याची अडत केलेल्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांची ही हकीकत आहे. घरात आणि पेढीवर सर्वजण त्यांना बापूजी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली. पहिले काही आठवडे हातपाय लुळे होते. पुढे थोडी ताकद परतली, परंतु तिच्यासोबत ताठरपणाही आला. कोपर छातीशी मुडपलेले, मूठ घट्ट मिटलेली, टाच जमिनीला टेकेना. आणि रात्री पायाला असे झटके येत की खाट हलावी.

गावात यास ‘शिरा आखडल्या’ म्हणतात आणि तेल चोळतात. वस्तुतः दोष शिरांचा नसतो. स्नायूंना आवर घालणारा संदेश मेंदूकडून येत असतो. ती वाट तुटली की मज्जारज्जू आपल्याच मताने स्नायू आवळीत राहतो. डॉक्टरांनी त्यावर बॅक्लोफेन दिले. मज्जारज्जूत गाबा नावाचे एक शांतविणारे रसायन असते, त्याची नक्कल हे औषध करते. 1962 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले, तेही अपस्मारासाठी. तेथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. ताठरपणावर मात्र ते गुणकारी ठरले. (याच सिबाचे संशोधन केंद्र 1963 मध्ये मुंबईत गोरेगावला उभे राहिले, हे औषधांच्या व्यापारातील जुन्या मंडळींना आठवत असेल.)

या औषधाने गेलेली ताकद परत येत नाही. आवळलेपण तेवढे सैल होते. प्रारंभी 5 मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, मग काही दिवसांच्या अंतराने थोडी थोडी वाढ, असा क्रम असतो. बापूजींची मात्रा वाढली तसे झटके थांबले, झोप लागू लागली. मात्र एका सकाळी उंबरठ्यावर डावा पाय अचानक दुमडला आणि ते पडले. ज्या ताठ पायाला घरचे दूषण देत होते, त्याच पायाच्या काठीवर ते उभे राहत होते. डॉक्टरांनी मात्रा एक पायरी खाली आणली. उधारी किती आवळावी आणि किती सोडावी हे ज्याला पेढीवर कळते, त्याला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

खरा प्रसंग आला तो पर्युषणात. पूर्वी बापूजींनी अनेक अठ्ठाया केलेल्या. आजारपणानंतरच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी कोणास न सांगता मनोमन संकल्प केला, पच्चक्खाण घेतले आणि उकळलेल्या पाण्याव्यतिरिक्त सारे सोडले. त्या ‘सारे’मध्ये गोळ्याही गेल्या. सूनबाईंनी विचारले, “बापूजी, गोळी घेतलीत?” तर ते हाताने खूण करून गप्प राहिले. तपात असलेल्या वडीलधाऱ्यांना दुसऱ्यांदा कोण विचारणार?

तिसऱ्या दिवशी अंग तापले. पाय पूर्वीपेक्षाही ताठ झाला. रात्री ते उठून बसले आणि गाळ्यात पाणी शिरले आहे, पोती वर उचला, असे ओरडू लागले. बाहेर पावसाचा थेंब नव्हता. घरच्यांना वाटले, उपवासाची ग्लानी. कोणाला वाटले, दुसरा झटका. मोटारीने पुण्यास नेले. तेथील डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “कोणती गोळी बंद केलीत?”

बॅक्लोफेन अचानक तोडले तर भास, ज्वर, आकडी, प्रसंगी प्राणावर बेतावे इतका ताठरपणा येऊ शकतो. बंद करायचेच असेल तर ते हळूहळू उतरवावे लागते. घरात हे कोणी वाचलेले नव्हते. चिठ्ठी देताना हे वाक्य मोठ्याने सांगितले जावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. पण बँकेतून येणारा प्रत्येक कागद वाचणाऱ्या घराने औषधासोबतचा कागद न उघडता फेकावा, हेही तितकेच खरे.

गोळी पुन्हा सुरू झाली आणि काही दिवसांत बापूजी भानावर आले. त्यांना आजाराचे नव्हे, अठ्ठाई मोडल्याचे दुःख होते. चातुर्मासास असलेल्या साध्वीजींनी त्यांना शांतपणे आठवण दिली की, पच्चक्खाणाच्या पाठातच आगार ठेवलेले आहेत आणि त्यांत समाधी टिकावी यासाठीचा ‘सव्वसमाहिवत्तियागार’ही आहे. असह्य व्याधीत औषध घेण्याची वाट पूर्वाचार्यांनीच मोकळी ठेवली आहे. बापूजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पन्नास वर्षे तो पाठ त्यांच्या कानांवर होता.

डॉक्टरांनीही आपली बाजू स्पष्ट केली. हे औषध बहुतांशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे मंदावली तर ते अंगात साठते आणि गुंगी वाढते. म्हणून दीर्घ उपवास करावयाचा झाल्यास आधी विचारावे. गोळीचा अंमल काही तासांचाच असल्याने चौविहारासाठी तिन्ही मात्रा दिवसा उरकल्या तर रात्रीचे झटके परततात. टिझानिडिन हा दुसरा पर्याय होता. पण त्याने रक्तदाब उतरतो, आणि जुलाब-लघवीच्या त्रासावर दुकानातून सहज आणल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर तर ते घेताच येत नाही. बापूजींच्या रक्तदाबाकडे पाहून तो बेत सोडला.

यंदाच्या पर्युषणात त्यांनी बियासणे केली. रात्रीची गोळी सूनबाई देतात आणि ते ती हात जोडून घेतात.

डावी मूठ मात्र अजून मिटलेलीच आहे. नखे तळव्यात रुततात. बोट्युलिनम विषाची सुई त्या ठरावीक स्नायूंत दिली तर मूठ सुमारे तीन महिने सैल राहील, मग पुन्हा द्यावी लागेल. खर्च मोठा आहे, आणि व्यायाम न केल्यास तो वाया जाईल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. बापूजी म्हणतात, “वहीपूजनाला वही धरायला उजवा हात पुरेसा आहे.” मुलाचे म्हणणे वेगळे आहे. दिवाळीनंतर पाहू, असे तूर्त ठरले आहे.