एकास त्रेचाळीस

छोट्या मोटारी जमवणाऱ्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात: किती आहेत, आणि केवढ्याला पडली? मी दोन्हींची उत्तरं टाळतो. पहिल्याचं, बढाई वाटू नये म्हणून आणि दुसऱ्याचं, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. विचारण्यासारखा प्रश्न तिसराच आहे: ही गाडी बरोबर आहे का? माझा सगळा छंद या एका प्रश्नाभोवती फिरतो. माझ्या कपाटात बहुतेक जुन्या फ्रेंच गाड्या असल्यामुळे उत्तर शोधता शोधता फ्रान्सचा थोडाफार इतिहासही पदरात पडला.

फ्रेंचच का, हेही विचारलं जातं. खऱ्याखुऱ्या फ्रेंच गाड्या आमच्या आसपास कधी नव्हत्याच. नव्वदच्या दशकात कल्याणच्या प्रीमियर कारखान्यातून प्युजो 309 बाहेर पडू लागली, तीही फार काळ टिकली नाही. त्यामुळे आठवणींच्या ओढीने वगैरे मी इकडे वळलेलो नाही. मला ओढलं ते त्या गाड्यांमागच्या डोक्यांनी. त्या काळच्या चांगल्या फ्रेंच गाडीत प्रत्येक विचित्र गोष्टीला कारण असतं, आणि ते एकदा कळलं की ती गोष्ट विचित्र वाटत नाही.

आमच्यात सगळ्यात मानाचं माप म्हणजे एकास त्रेचाळीस. हा आकडा मोटारींतून आलेला नाही, तो आगगाड्यांतून आलाय. खेळण्यातल्या ‘ओ’ गेजच्या रेल्वेत खऱ्या एका फुटाला सात मिलिमीटर धरतात. भागाकार केला की साडेत्रेचाळीस येतात. हॉर्नबी आगगाड्या बनवणाऱ्या मेकानो कंपनीने स्टेशनाबाहेर उभ्या करायला ज्या मोटारी काढल्या, त्यांतूनच पुढे डिंकी टॉईज उभी राहिली. इंग्लंडमधल्या डिंकी मापाच्या बाबतीत सैल होत्या. पॅरिसजवळच्या बोबिनीत, मेकानोच्या फ्रेंच कारखान्यात मात्र युद्धानंतर त्रेचाळीसचं माप बऱ्याच नेटाने पाळलं गेलं. फेर्दिनां द व्हाझेय यांनी 1932 मध्ये सुरू केलेली सोलिदो आणि लियोंजवळच्या व्हिलरबानमध्ये 1946 मध्ये उभी राहिलेली नोरेव्ह याच मापात उतरल्या, आणि हे माप संग्राहकांचं झालं.

या सगळ्यांच्या आधी एका माणसाने खेळण्याची ताकद ओळखली होती. आंद्रे सिट्रोएनने 1923 पासून स्वतःच्या मोटारींची पत्र्याची, चावीवर चालणारी खेळणी बाजारात आणली. आजचं पोर म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक, असा सरळ हिशेब. आयफेल टॉवरवर दिव्यांनी आपलं नाव लिहिणारा गृहस्थ तो. पुढे 1934 मध्ये ‘त्राक्सियों आवां’ बाजारात आली, पण तिच्या खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस दिवाळं वाजलं, कंपनी मिशलँच्या हाती गेली आणि पुढच्या जुलैत सिट्रोएन वारला. गाडी मात्र 1957 पर्यंत बनत राहिली.

त्राक्सियोंची आकृती घडवली फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराने, कागदावर रेघा ओढत न बसता प्लॅस्टिसिनचं छोटं मॉडेल हाताने बनवून. पुढे 1948 ची टू सीव्ही आणि 1955 ची डीएस याही त्याच्याच हातच्या. म्हणजे माझ्या कपाटातल्या निम्म्याअधिक गाड्यांची सुरुवातच मुळी छोट्या गाडीपासून झाली. तो छोटा आकार कारखान्यात मोठा झाला, रस्त्यावर आला आणि बोबिनीत पुन्हा छोटा झाला. या येरझारीत काय टिकलं आणि काय सांडलं, हे बघणं म्हणजेच आमचं काम.

त्राक्सियों हातात आली की मी ती टेबलावर ठेवतो आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणतो. या गाडीचं मोठेपण तिच्या बुटकेपणात आहे. इंजिनाची ताकद पुढच्याच चाकांना दिल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा गेला, वेगळी चॅसिस गेली, पायऱ्या गेल्या, आणि गाडी जमिनीशी लागली. मॉडेल एक मिलिमीटर उंच उभं राहिलं, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने ते सव्वाचार सेंटिमीटरहून अधिक झालं. मग रंग कितीही झगझगीत असो, ती त्राक्सियों राहत नाही. त्यानंतर मागची बाजू. 1952 पासून खऱ्या गाडीला फुगीर डिकी आली. त्याआधी सुटं चाक पाठीवर दिसायचं. डिंकीने हा बदल आपल्या 24 एन क्रमांकाच्या गाडीतही केला, म्हणून डिकी बघून तिचा काळ सांगता येतो. युद्धानंतरच्या त्राक्सियों बहुतेक काळ्या असत. लालभडक रंगाची, फुगीर डिकीवाली कोणी दाखवली, तर मी आधी हसून घेतो आणि मग भिंग काढतो.

डीएसची गंमत वेगळी. ऑक्टोबर 1955 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती उघड झाली आणि पहिल्याच दिवशी 12,000 मागण्या नोंदल्या गेल्या. तिची मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या जवळ आहेत, फरक वीस सेंटिमीटरचा. आपल्या मापात तो साडेचार मिलिमीटरच्या थोडा वर येतो, म्हणजे नुसत्या डोळ्यालाही दिसायला हवा. स्वस्तातल्या मॉडेलमध्ये पुढे-मागे एकच आस वापरलेला असतो आणि तिथेच गाडीचं पाणी जोखलं जातं. शिवाय ही गाडी तेल आणि वायूच्या दाबावर उभी राहते. इंजिन बंद करून ठेवली की हळूहळू खाली बसते, सुरू केली की उठते. मग मॉडेल करणाऱ्याने ती कोणत्या उंचीवर ओतायची? बहुतेक जण धावतानाची उंची धरतात. पुठ्ठ्याच्या गराजमध्ये मुक्कामाला असलेली डीएस धावायच्या उंचीवर उभी दिसली की मला मात्र खटकतं. घरच्यांना खटकत नाही, हे त्यांचं भाग्य.

बरोबर असणं म्हणजे नुसती मापं जुळणं, असा समज ब्युगातीच्या ‘57 एससी अटलांटिक’ने मोडला. 1935 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या तिच्या मूळ नमुन्याची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. तो वेल्डिंगला दाद देईना, म्हणून दोन्ही अर्ध्या बाजू मधोमध रिवेटांनी जोडल्या आणि पाठीवरून नाकापर्यंत कणा उमटला. नंतरच्या चार गाड्या ॲल्युमिनियमच्या झाल्या, रिवेटांची सक्ती उरली नाही, तरी कणा ठेवला. आता हे रिवेट त्रेचाळीस पटींनी लहान केले तर रंगाच्या थराखालीच बुडून जातील. जाणता कारागीर ते मुद्दाम थोडे मोठे घेतो. दाराच्या फटी, काचेवरचे वायपर, क्रोमच्या पट्ट्या यांचंही तेच. डोळ्याला पटेल इतकंच खोटं बोलायचं, ही त्याची विद्या. त्या चारांतली ज्याँ ब्युगातीची स्वतःची काळी गाडी युद्धात नाहीशी झाली, ती आजतागायत सापडलेली नाही. तिची मॉडेलं मात्र दुकानात मिळतात. सगळी जुन्या फोटोंवरून बेतलेली. ती बरोबर आहेत का, हे पडताळायला मूळ गाडीच नाही.

आता सांभाळण्याबद्दल, कारण मुंबईच्या हवेत निम्मा छंद तोच आहे. युद्धापूर्वीच्या ओतीव गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. त्यात शिशाचा अंश मिसळला गेला असेल तर धातू आतून फुगतो, चिरा पडतात आणि एक दिवस गाडीचा खारी बिस्किटासारखा भुगा होतो. याला औषध नाही. दमट हवा हा रोग वाढवते, म्हणून अशा वस्तूला घेतानाच भिंगाखालून बघावं. कपाटात डांबराच्या गोळ्या चुकूनही ठेवू नयेत. त्यांची वाफ प्लॅस्टिकला खाते. मऊ टायर वर्षानुवर्षं प्लॅस्टिकच्या पाटावर टेकून राहिले तर पाट वितळल्यासारखा होतो, तेव्हा मध्ये कागदाची पट्टी घालावी. ऊन टाळावं, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदलाव्यात. आणि जुनी डिंकी घेताना ती आधी उलटी करावी. तळाच्या रिवेटाचं डोकं घासलेलं किंवा भोक पाडलेलं दिसलं, तर ती उघडून पुन्हा रंगवलेली आहे असं समजावं.

जमवण्याला धरबंध लागतो, हे सांगायला फ्रान्समध्येच एक मोठं उदाहरण आहे. मुलूझच्या श्लुम्फ बंधूंनी लोकरीच्या गिरणीच्या पैशातून, बाहेर फारसा गवगवा होऊ न देता शेकडो मोटारी जमवल्या. त्यांत ब्युगातींचीच भरती मोठी. गिरणी बुडाली आणि 1977 मध्ये कामगारांनी तो साठा ताब्यात घेतला, तेव्हा आपले पगार कुठे गेले ते त्यांना डोळ्यांनी दिसलं. आज ते राष्ट्रीय संग्रहालय आहे. आज उरलेल्या सहाच ब्युगाती रॉयलपैकी दोन मूळ गाड्या तिथे आहेत. संग्रह अप्रतिम आहे, आणि तरीही तो तसा जमवायला नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून नव्याने या नादाला लागणाऱ्याला माझं सांगणं एवढंच: एक गाडी निवडा. टू सीव्ही बरी, कारण ती स्वस्तात मिळते आणि 1948 पासून 1990 पर्यंत बनत राहिल्यामुळे तिच्यात शिकायला भरपूर आहे. बॉनेटवरच्या बारीक पन्हळी 1960 च्या अखेरीस गेल्या, पुढची दारं 1964 पर्यंत उलट्या बाजूने उघडत, तिसरी खिडकी त्यानंतर आली. फ्रेंच कायद्याने 1993 पर्यंत हेडलाइट पिवळे लागत, तेही बघा. खऱ्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो समोर ठेवा आणि तुमच्या मॉडेलमध्ये काय चुकलंय ते स्वतः शोधून काढा. ते सापडेपर्यंत दुसरी गाडी विकत घेऊ नका.