शिष्यवृत्ति कीं सूट ?

‘शिष्यवृत्ति’ हा शब्द कानीं पडला कीं माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराच्या मनांत पहिल्यानें नांव उभें राहतें तें जगन्नाथ शंकरशेट यांचें. मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळे, आणि १९१२ सालीं ती चिंतामणराव देशमुखांनीं मिळविली, हें मी वर्गांतील मुलांना दरवर्षीं सांगत असें. मान मिळे आणि चार पैसे हातींहि पडत. त्याच्याहि मागें गेलें तर पेशवाईंत पुण्यास श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वांटली जाई. तीहि हातांत पडणारीच. ‘वृत्ति’ या शब्दाचा अर्थच मुळीं जिच्यावर निर्वाह चालतो ती.

या संस्कारांत वाढलेल्या आमच्या घरांत, “काका, तिला वर्षाला पंचवीस हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळते आहे,” असें पुतण्यानें डॅलसहून फोनवर सांगितलें तेव्हां वहिनींनीं देवापुढें साखर ठेवली आणि धाकट्यानें त्या रकमेचे रुपये करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून टाकले. “फी किती, तें आधीं सांग,” असें मीं विचारलें. “साठ हजार,” तो म्हणाला. राहणें-जेवणें त्याहून निराळें.

मुलगी आमच्या थोरल्या बंधूंची नात. सांगलींत जन्मली, चार वर्षांची असतां आईबापांबरोबर टेक्सासांत गेली, आणि यंदा तिकडील बारावींत आहे. बाप नोकरीच्या व्हिसावर आहे, आणि कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीं भारतीयांची जी अफाट रांग लागलेली आहे तींत वर्षानुवर्षें उभा आहे. मुलगी एकवीस वर्षांची झाली कीं बापाच्या व्हिसाची छाया तिच्यावरून निघून जाते. म्हणजे विद्यार्थिदशेंतच, शिक्षण अर्ध्यावर असतांना, तिला स्वतःचा वेगळा व्हिसा मिळवावा लागणार. ही गोष्ट मीं आरंभींच सांगून ठेवतों, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. तिकडील सरकारची गरजूंसाठीं असलेली मदत अशा मुलीला मिळत नाहीं. अकरावींतील पूर्वपरीक्षेच्या गुणांवर १९५५ सालापासून चालत आलेली ‘नॅशनल मेरिट’ नांवाची जी मोठ्या मानाची शिष्यवृत्ति आहे तीहि मुख्यत्वें नागरिकांसाठीं व कायम रहिवाशांसाठीं आहे. तेव्हां विश्वविद्यालय स्वतःच्या पदरचें जें देईल तेवढाच काय तो आधार.

आतां गुणांविषयीं. प्रवेशासाठीं तिकडे जी परीक्षा देतात तिला सॅट म्हणतात. ती १९२६ सालीं प्रथम झाली. एकूण गुण १६००. त्यांत ८०० भाषेचे व ८०० गणिताचे. आणि अगदीं कांहीं न येणाऱ्यासहि प्रत्येक भागांत २०० मिळतातच, हें ऐकून घरांतील लहान मंडळी फार संतुष्ट झाली. २०२४ पासून अमेरिकेंतहि ती सर्वस्वीं संगणकावर होते : ९८ प्रश्न आणि २ तास १४ मिनिटें. प्रत्येक विषयाच्या पहिल्या खंडांत मुलानें उत्तरें चांगलीं दिलीं कीं संगणक दुसरा खंड अवघड काढतो, आणि वरचे गुण त्या अवघड खंडांतूनच मिळतात. चाळीस वर्षें प्रश्नपत्रिका काढलेल्या माणसाला ही युक्ति मनापासून आवडली. चुकल्याबद्दल गुण कापीत नाहींत. सॅटच्या ऐवजीं एसीटी नांवाची ३६ गुणांची परीक्षा दिली तरी चालते. आमच्या नातीला सॅटमध्यें १४२० पडले.

“म्हणजे पहिला वर्ग ना?” वहिनींनीं विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर मला देतां येईना, कारण तें गुणांवर अवलंबून नाहीं, दारावर अवलंबून आहे. तिकडील बहुतेक विश्वविद्यालयें आपल्याकडे आलेल्या मुलांपैकीं मधल्या निम्म्या मुलांचे गुण कोठून कोठपर्यंत होते तें प्रसिद्ध करतात. आपले गुण त्या पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडे असले तर त्या दारीं सूट मिळण्याचा संभव मोठा. पट्ट्याच्या मधोमध असले तर प्रवेशाची आशा बरी, पण पैशाची बेताची. आणि खालीं असले तर, जेथें गुण कळविणें ऐच्छिक असेल तेथें, ते न कळविलेलेच बरे. २०२० च्या साथीपासून पुष्कळ संस्थांनीं असें ऐच्छिक केलें. कांहींनीं पुढें तें परत घेतलें. तेव्हां त्या त्या वर्षाचा नियम पाहूनच चालावें. पट्ट्याच्या वर असलेला मुलगा संस्थेची सरासरी वर नेतो, आणि त्याची किंमत संस्था देते. तोच मुलगा हार्वर्डच्या दारीं गेला तर गुणांबद्दल त्याला एक छदामहि मिळणार नाहीं. तेथें मदत देतात ती घरची गरज पाहून. चौदाशें वीस गुण एका दारीं पंचवीस हजारांचे आणि दुसऱ्या दारीं शून्याचे, ही गोष्ट आमच्या मंडळींच्या गळीं उतरवायला मला दोन संध्याकाळ लागल्या.

गुणांवर अशी किंमत लावली जाते ही माझ्या डोक्यांतली कल्पना नव्हे. नातीच्या यादींत वेको येथील बेलर विश्वविद्यालय आहे. बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनीं १८४५ सालीं, टेक्सास हें स्वतंत्र प्रजासत्ताक असतांना, काढलेली ही संस्था. मोठी आणि नांवाजलेली. २००८ सालीं तिनें प्रवेश मिळून चुकलेल्या मुलांना सॅट पुन्हां द्यायला सांगितलें. पुन्हां बसणाऱ्यास संस्थेच्या पुस्तकांच्या दुकानांत ३०० डॉलरची पत, आणि गुण ५० नीं वाढले तर वर्षास १००० डॉलरची शिष्यवृत्ति. प्रवेश तर होऊन गेलेला. मग ही परीक्षा कशासाठीं? तिकडील एक साप्ताहिक सर्व विश्वविद्यालयांची दरवर्षीं क्रमवारी लावीत असे, आणि तींत नव्या मुलांच्या गुणांना वजन होतें. बेलरची सरासरी १२०० वरून १२१० वर गेली. बातमी वर्तमानपत्रांत आली, फार टीका झाली, आणि संस्थेनें आपलें चुकल्याचें मान्य केलें. चूक मोकळेपणानें मान्य केली हें तिला भूषणावहच आहे. परंतु त्या निमित्तानें त्या ५० गुणांची किंमत सर्वांना डॉलरांत वाचायला मिळाली.

तेव्हां या रकमेला शिष्यवृत्ति म्हणावें कीं सूट? तिकडे खासगी विश्वविद्यालयांत छापील फी देणारे थोडे. पहिल्या वर्षाच्या मुलांना या संस्था छापील फीच्या सरासरीनें निम्म्याहून अधिक भाग सोडून देतात. सोडून देतात, म्हणजे पैसा कोठून कोठें जात नाहीं; फक्त मागण्याचा आंकडा लहान होतो. कापडाच्या दुकानांत थानावर एक भाव लिहिलेला असतो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून दुसरा सांगितला जातो, त्यांतलाच हा प्रकार. अपवाद आहेत, एखाद्या दात्यानें ठेवलेल्या निधींतून खरीखुरी रक्कमहि मिळते. पण पत्रांत दोहोंस शब्द एकच वापरलेला असतो, आणि त्या शब्दाच्या तेजांत खालचा आंकडा दिसेनासा होतो.

तो खालचा आंकडा मीं पाटीवर मांडला. फी ६०,००० आणि सूट २५,०००, बाकी ३५,०००. चार वर्षांचे १,४०,००० असें पुतण्यानें धरलें होतें. परंतु सूट बहुधा ठराविक रकमेची असते आणि फी वर्षावर्षाला वाढते. समजा, ती शेंकडा ४ नीं वाढली. मग दुसऱ्या वर्षीं बाकी ३७,४००, तिसऱ्या वर्षीं ३९,८९६ आणि चौथ्या वर्षीं ४२,४९२. एकूण १,५४,७८८. म्हणजे पुतण्याच्या हिशेबाहून १४,७८८ डॉलर अधिक. आणि त्यांत राहण्या-जेवण्याची कवडीहि नाहीं. शिवाय सूट चालू राहण्यास दरवर्षीं ठराविक सरासरी टिकवावी लागते. शाळेंत पहिली असणारी मुलगी कॉलेजांत रसायनशास्त्राच्या पहिल्या सहामाहींत अडखळली तर त्यांत नवल नाहीं. मीं अशीं कितीतरी मुलें पाहिलीं आहेत, आणि दुसऱ्या वर्षीं तीं सांवरतातहि. परंतु सूट दुसऱ्या वर्षापर्यंत थांबते कीं नाहीं, तें नियमांत पाहावें लागतें.

वहिनींनीं सांगलीचा प्लॉट विकण्याची भाषा काढली ती याच वेळीं. “भाऊजी, पोरगी डॉक्टर होणार असेल तर जमीन काय छातीवर घेऊन जायची आहे?” त्यांच्या मनांत असें होतें कीं बेलरमध्यें प्रवेश म्हणजे ह्यूस्टनच्या बेलर मेडिकल कॉलेजांत प्रवेश. तें वैद्यकीय विद्यालय १९६९ सालींच विश्वविद्यालयापासून स्वतंत्र झालें आहे. नांव तेवढें एक राहिलें. आणि तिकडे वैद्यकास जायचें तें चार वर्षांची पदवी घेतल्यावर, दुसरी परीक्षा देऊन आणि दुसरी, याहून मोठी, फी भरून. पदवीच्या चार वर्षांतच प्लॉट संपला तर पुढें काय विकणार, हें मीं त्यांना विचारलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण प्लॉटचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

राहिला धर्माचा प्रश्न. घरांतील तरुण मंडळींना वाटलें होतें कीं वहिनी येथेंच अडतील. १८८० च्या सुमारास गोपाळराव जोश्यांनीं आनंदीबाईंच्या शिक्षणासाठीं एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिलें, आणि धर्मांतराची अट पुढें आली, ही कथा आमच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. बेलरमध्यें तशी अट नाहीं. कोणत्याहि धर्माच्या मुलास प्रवेश मिळतो. परंतु पदवीसाठीं ख्रिस्ती धर्मग्रंथ व ख्रिस्ती परंपरा यांवरचे दोन अभ्यासक्रम आणि दोन सहामाह्या चॅपेल मात्र करावें लागतें. तेथें आवारांत नाच करण्यास १९९६ सालापर्यंत बंदी होती हें ऐकून वहिनी उलट प्रसन्न झाल्या. “मिरजेच्या मिशनच्या दवाखान्यांत माझीं दोन बाळंतपणें झालीं. रोज सकाळीं प्रार्थना कानावर येई. त्यानें माझा सोमवार कधीं चुकला नाहीं,” एवढें बोलून त्यांनीं तो प्रश्न निकालांत काढला. माझें स्वतःचें मत असें कीं दुसऱ्याचे धर्मग्रंथ परीक्षेपुरते कां होईना वाचल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं; महामहोपाध्याय काणे मुंबईच्या विल्सन कॉलेजांत शिकले आणि पुढें त्यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला. नातीला मात्र मीं सांगितलें, “तुझ्या मनाला तें ओझें वाटणार असेल तर आतांच बोल, चार वर्षें कुढत काढूं नकोस.” ती म्हणाली, “आजोबा, मला चॅपेलची नाहीं, रसायनशास्त्राची भीति वाटते.”

पुतण्याचा आग्रह होता कीं तिनें सॅट तिसऱ्यांदा द्यावी. ऐंशीं गुण वाढले तर सूटहि वाढेल. तें अगदींच चुकीचें नाहीं. पुष्कळ संस्था निरनिराळ्या वेळच्या परीक्षांतून प्रत्येक विषयाचे उत्तम गुण निवडून त्यांची बेरीज धरतात. पण तें सगळें मुदतीच्या आंत. यंदाच्या अर्जांची मुदत सरली आहे, आणि एकदां पत्र आल्यावर वाढलेल्या गुणांचा विचार कोणती संस्था करते व कोणती करीत नाहीं, हें विचारल्याखेरीज पोरीला पुन्हां शनिवारीं पहांटे उठवून परीक्षेला धाडणें मला पसंत नव्हतें. शिवाय टेक्सासचें सरकारी विश्वविद्यालय तिच्या यादींत आहेच. ऑस्टिनला शाळेंत पहिल्या शेंकडा पांचांत असलेल्या मुलास २०२६ पासून आपोआप प्रवेश मिळतो, आणि तो शाळेंतील क्रमांकावर, सॅटच्या आंकड्यावर नव्हे. तिचा क्रमांक त्यांत बसतो. विषय मनाजोगता मिळेल याची हमी नाहीं, तेवढेंच उणें.

शेवटीं आम्ही दोघांनीं फोनवर बसून एक पत्र तयार केलें. मीं मराठींत सांगितलें, तिनें इंग्रजींत उतरविलें, आणि माझीं दोन लांब वाक्यें परस्पर गाळून टाकलीं. यादींतल्या प्रत्येक संस्थेच्या शिष्यवृत्ति-कचेरीला तेंच पत्र गेलें : सूट चारहि वर्षें त्याच रकमेची राहील कीं फीबरोबर वाढेल, ती टिकविण्यास सरासरी किती हवी, एका सहामाहींत कमी पडली तर सांवरण्यास अवधि मिळतो काय, आणि विसाव्या-एकविसाव्या वर्षीं माझा व्हिसा बदलला तर या रकमेंत फरक पडेल काय. दोन कचेऱ्यांचीं उत्तरें आलीं आहेत. दोघींचेंहि म्हणणें, रकम ठराविक, वाढणार नाहीं. व्हिसा बदलल्यानें फरक पडणार नाहीं असें एकीनें स्पष्ट लिहिलें. दुसरीनें त्या प्रश्नाला उत्तरच दिलेलें नाहीं, म्हणून नातीनें तिला पुन्हां लिहिलें आहे.

होकार कळविण्याची तारीख तिकडे बहुतेक ठिकाणीं १ मे. वहिनींची ठेव जूनमध्यें पिकते. ती त्याआधीं मोडूं नये, एवढें मीं त्यांच्याकडून कबूल करून घेतलें आहे.