टॉवेलवर उतरलेलं व्हीटी

उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर हल्ली वाळूत टॉवेल अंथरलेले दिसतात आणि त्यांवर चक्क वास्तू छापलेल्या असतात. परवा एका कॉलेजच्या पोरीने अख्खं व्हीटी पसरलं. घुमट, कमानी, घड्याळ, सगळं फोटोसारखं लख्ख. तिचा मित्र पाण्यातून आला आणि निथळत्या अंगाने थेट घड्याळावर जाऊन बसला. कुणी ‘अरे, अरे’ म्हटलं नाही.

आमच्या वेळी वास्तूची जागा भिंतीवर होती. बाहेरच्या खोलीत मखमली कापडावरचा ताजमहाल, नाहीतर कॅलेंडरवरचा गेटवे. त्याला हात लावायची मुभा नव्हती. दिवाळीला धूळ झटकली की झालं. अंग पुसायला पंचा, आणि पाहुणे आले की कपाटातून टर्किश टॉवेल निघायचा, तोही सोलापुरी.

वाशीला सिडकोच्या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा लोकल नव्हती. ती आली १९९२ साली. खाडी हाकेच्या अंतरावर, पण तिथे चिखल आणि खारफुटी. समुद्रात डुंबायचं तर एसटीने उरण गाठायचं. बसायला विटलेली सोलापुरी चादर आणि सगळ्यांत मिळून एक टॉवेल. आधी धाकटी, मग मी, मग आई. बाबांच्या वाट्याला यायचं ते पिळून काढण्याजोगं फडकं. आता नेरूळहून लोकल थेट उरणला जाते, २०२४च्या जानेवारीपासून. माणशी एक टॉवेल असतो, शिवाय फोटो काढायला एक वेगळा.

त्या सोलापुरी टॉवेलची नक्षी छापलेली नसे, विणलेली असे. जकार्ड मागावर फूल सुतातच उमटायचं. उलटून पाहिलं तर तेच फूल, फक्त रंगांची अदलाबदल. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हा धंदा वाढवला. आजचा फोटोवाला टॉवेल उलटा करा, मागे पांढराफटक. फोटो रेखीव उठावा म्हणून सुती टॉवेलच्या एका बाजूच्या वळ्या कातरून मखमलीसारख्या सपाट करतात, आणि कातरलेली बाजू पाणी कमी टिपते. म्हणजे व्हीटी बघायचं वर आणि अंग पुसायचं खालच्या बाजूने!

तरी मी नाक मुरडणार नाही. फ्रेडरिक स्टीव्हन्सची १८८८ची ती इमारत २००४ साली जागतिक वारसा झाली, पण रोज तिथे उतरणाऱ्या आम्हा वाशीकरांनी मान वर करून ती पाहिली कधी? ८:१२ची धरायची असायची. त्या पोरीने निदान तिची कमान न् कमान ओळखून विकत घेतली.

प्रश्न एवढाच, की टॉवेलवर नेहमी मुंबईच का? आमच्या बेलापूरला चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला आहे. पण उरलेल्या बुरुजाचा फोटो छापला तर लोक विचारतील, हे काय पडकं? मग राहतं आर्टिस्ट व्हिलेज. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी आखलेलं. सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला चिकटलेली नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. लोकांनी ते मनावर घेतलं. कुणी मजला चढवला, कुणी कौलं काढून स्लॅब टाकला, कुणी मूळ घर पाडून बंगला बांधला. जुनी बैठी घरं आता शोधावी लागतात. हळहळ वाटते, पण कोरियांनी मुभाच तशी दिली होती.

व्हीटीचा फोटो कधीही काढा, व्हीटी तेच असतं. नवी मुंबईचा टॉवेल कुणी छापायला घेतला, तर आधी साल विचारून घ्यावं लागेल.