कोरी पाटी

तरुणपणी एकदा पाऊल घसरलं, शिक्षा भोगून झाली. पुढे संसार थाटला, मुलं शाळेत गेली. पण नोकरीच्या अर्जातला 'पूर्वी शिक्षा झाली आहे का?' हा रकाना काही पाठ सोडीना. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कितीतरी आयांची हीच गत होती. नोंद झाकून घ्यायला कोर्टात अर्ज करावा लागे. त्यासाठी वकील आणि पैसा आणायचा कुठून? 2018 साली या राज्याने देशात पहिल्यांदा कायदा केला: किरकोळ गुन्ह्यानंतर 10 वर्षं सरळ वागलेल्याची नोंद संगणकच झाकेल. 2023च्या दुरुस्तीने ही मुदत 7 वर्षांवर आली. पोलिसांना नोंद दिसते, घरमालकाला नाही. पण नोंद झाकल्याची चिठ्ठी घरी येत नाही. मग त्या रकान्यात आता बिनधास्त 'नाही' लिहिता येतं, हे त्या बाईला सांगायचं कुणी?