लेदरचा सोफा आणि डोलवीचा पावसाळा

नवऱ्याची बदली कर्नाटकात, बल्लारीजवळच्या तोरणगल्लूला झाली. तिथलं क्वार्टर सामानासकट मिळणार होतं, त्यामुळे आमचा लेदरचा सोफा डोलवीला सासरीच ठेवायचं ठरलं. सोफा आम्ही जुनाच घेतला होता, पण दणकट होता आणि घरातल्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर. मे संपत आला होता, घरोघरी आगोटीची कामं चालली होती. सुकी मासळी डब्यात जात होती, जळण पडवीत रचलं जात होतं. त्यातच सोफ्याची बेगमी करायची होती.

डोलवी धरमतरच्या खाडीला लागून आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वाऱ्याला खाडीचा खारटपणा असतो. जुलैत इथे कपाटातल्या कपड्यांना वास येतो, मीठ पाणी सोडतं, आगपेटी पेटत नाही. मग चामड्याची काय कथा!

सामान बांधायला आलेल्या पोराने प्लॅस्टिकचा रोल काढला आणि सोफा भराभर गुंडाळायला घेतला. माझे सासरे पुढे झाले. "पलास्टिकान नको गुंडालू, घामेल त्यो," म्हणाले. गावच्या भजनात ते पखवाज वाजवतात, त्यामुळे चामडं त्यांच्या रोजच्या हाताखालचं. वाजवून झालं की धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, लावलेली कणीक ते नखाने खरवडून काढतात, कापडाने पुसतात, कारण राहिलेल्या कणकेला मुंग्या लागतात, बुरशी येते. पावसाळ्यात पुडी सैल पडते, आवाज उतरतो. म्हणून पखवाज सुती धोतरात बांधून घरातल्या कोरड्या खोलीत ठेवायचा, भिंतीला टेकवायचा नाही. सोफ्यालाही त्यांनी तोच कायदा लावला.

पुढे मी या विषयावर वाचलं तेव्हा त्यांच्या बोलण्यामागचं कारण कळलं. कमावलेलं चामडं मुळात कातडीच्या तंतूंचं विणलेलं जाळं असतं. ते हवेतली ओल घेतं आणि कोरड्या हवेत सोडतं. प्लॅस्टिकच्या आत ही देवाणघेवाण बंद होते आणि आत अडकलेली ओल तिथेच बसते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीचं फावतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर ती याहून खाली क्वचितच उतरते. हवा फारच कोरडी झाली तर चामडं कडक होऊन तडकतं, पण ती चिंता तोरणगल्लूवाल्यांनी करावी.

सोफा आधी कोरड्या फडक्याने पुसला, मग किंचित ओलसर फडक्याने. बसकणीच्या फटीत महामार्गाची धूळ आणि चिवड्याचे दाणे निघाले. धूळ ओल धरते आणि खाऱ्या हवेत ती चामड्याला चिकटते, म्हणून हे काम टाळून चालत नाही. सासूबाई खोबरेल तेल घेऊन आल्या. "चामडं मऊ राहील," त्यांचं म्हणणं. मी त्यांना थांबवलं. खोबरेल चामड्यावर डाग धरतं, जुनं झालं की खवट वास मारतं. लावायचंच तर लेदरसाठी मिळणारं कंडिशनर लावावं, तेही आधी कोपऱ्यात लावून बघून.

सोफा ठेवायला मधली खोली निवडली. तिथे भाताची कणगी नव्हती, हे महत्त्वाचं. धान्य असलं की उंदीर येतात आणि सोफ्याच्या पोटातला स्पंज त्यांना घरट्यासाठी आयताच मिळतो. लादीवर लाकडी फळ्या टाकून सोफा उचलून ठेवला, भिंतीपासून हातभर लांब, वर काही रचलं नाही. चामड्यावर ओझं आलं की पडलेली घडी पुढे जात नाही. वरून सासूबाईंच्या दोन जुन्या सुती साड्या घातल्या. ओल शोषणारा डबा आणला, पण तो खाली ताटलीत ठेवला, कारण तो भरून सांडला तर त्यातलं खारं पाणी चामड्याचं वाटोळं करतं.

एवढं करून भागलं नसतं. सासरे अधूनमधून साडी बाजूला करत, पाठीमागे हात फिरवत, आणि उघडीप पडली की खिडक्या उघडत. ऑगस्टमध्ये सोफ्याच्या हाताच्या खालच्या शिवणीत त्यांना पिठासारखे पांढरट-हिरवट ठिपके दिसले. सोफा अंगणाकडच्या पडवीत काढून, उन्हात न ठेवता वाऱ्यावर ठेवला. मऊ ब्रशने बुरशी झाडली, सौम्य साबणाच्या फडक्याने पुसून पुन्हा कोरडं केलं. ब्रश घरात झाडला असता तर बुरशीचे कण पुढच्या गादीवर जाऊन बसले असते.

दिवाळीला आलो तेव्हा बसकण आणि हात शाबूत होते. पाठीमागचा भाग मात्र सालीसारखा सुटायला लागला होता. बघितलं तर तिथे चामडं नव्हतंच, वर पॉलियुरेथेनचा थर दिलेलं कापड होतं. अनेक सोफ्यांत अंग टेकतं तेवढ्याच जागी खरं चामडं असतं आणि बाकी नक्कल. हा थर दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की त्याचं रसायनच तुटत जातं, त्यावर पुसणं-झाडणं चालत नाही. तो भाग आम्ही कापडाने नव्याने मढवून घेतला.

तुमच्याकडेही असा सोफा ठेवायची वेळ आली, तर आधी त्याच्या पाठीमागे हात फिरवून खरं चामडं कुठे आहे ते बघा. प्लॅस्टिक लांब ठेवा, सुती कापड जवळ करा. आणि कोकणात ठेवत असाल तर गोदाम शोधण्याआधी पावसाळाभर खिडकी उघडणारं घरचं माणूस शोधा. ते नसेल तर सोफा विकून टाकलेला बरा.