पराभूत संघाचा सेवेकरी

उत्सवाच्या दिवशी देवळात गर्दी असतेच. तिच्यावरून देवस्थानाचे बळ कळत नाही. ते कळते आषाढातल्या एखाद्या पावसाळी संध्याकाळी, जेव्हा सभामंडपात चार माणसे असतात आणि पाचवा दिवा लावणारा असतो. खेळाच्या संघाचेही असेच आहे. विजयाच्या दिवशी सारे शहर संघाचे असते. पराभवाच्या ऋतूत मात्र सेवेकरी तेवढे उरतात. २०१९ ते २०२५ या सहा वर्षांत हैदराबाद फुटबॉल क्लबाने मला दोन्ही प्रकारचे दिवस दाखविले, आणि त्यांतल्या दुसऱ्या प्रकारच्या दिवसांनी मला अधिक विचार करावयास लाविले.

हैदराबादला फुटबॉल नवा नाही. आमच्या अंबरपेठेत पोलिसांची वसाहत आहे, कवायतीचे मैदान आहे. तेथून जाताना मला नेहमी हैदराबाद सिटी पोलीस या जुन्या संघाचे स्मरण होते. सय्यद अब्दुल रहीम या शाळामास्तरांनी तो संघ घडविला. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा त्याने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई स्पर्धांचे सुवर्णपदक मिळविले, आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान. जाकार्ता येथील १९६२ च्या विजयी संघात गोव्याचे फॉर्च्युनातो फ्रँकोही होते. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने गेले. त्यांच्या संघात पैसा फार नव्हता. पण खेळाडूंना पोलीस खात्याची नोकरी होती. उद्याच्या भाकरीची चिंता नसलेला माणसेच मन लावून चेंडूमागे धावू शकतात, हे सत्य पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावयास हवे.

नवा क्लब २०१९ मध्ये आला तो पुण्याच्या जागी. पुणे सिटी हा संघ बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधील त्याचे स्थान हैदराबादला मिळाले. आम्ही येथे टाळ्या वाजविल्या; मुठेकाठच्या ज्या रसिकांचा संघ त्या दिवशी नाहीसा झाला, त्यांचा विचार आमच्या मनात फारसा आला नाही. पहिल्या वर्षी आमचा संघ शेवटचा आला. नंतर स्पेनचे मानोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि चित्र पालटले. कोविडच्या साथीमुळे ते सामने गोव्यातच होत असत. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंतिम सामना झाला. आम्ही एका गोलाने मागे असता, सामना संपावयास थोडीच मिनिटे उरली असताना, गोव्याच्या साहिल तावोराने बरोबरी साधली. आणि पेनल्टीच्या झुंजीत गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टिमनीने तीन फटके अडविले. चषक तेलंगणाचा, भूमी गोव्याची आणि हातही गोव्याचे! आमच्या घरात त्या रात्री कोणास अधिक आनंद झाला, आमच्यातल्या हैदराबादकरास की गोंयकारास, हे सांगणे कठीण आहे.

२०२३ मध्ये मार्केझ एफसी गोवाकडे गेले, आणि इकडे क्लबाची तिजोरी रिती झाली. पगार थकले, देणी न फेडल्यामुळे नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, नावाजलेले देशी-परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले. उरली बहुतांशी कोवळी मुले. त्यांच्यामागे उभे राहिले मणिपूरचे थांगबोई सिंग्टो, पूर्वी मार्केझ यांचे साहाय्यक असलेले. २०२३-२४ च्या मोसमात बावीस सामन्यांत एक विजय, पाच बरोबरी, सोळा पराभव, गुण आठ. पुढच्या मोसमातही दैव फिरले नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंग्टो यांनाही जावे लागले.

त्या काळात प्रेक्षकांत प्रशिक्षकाविषयी जे बोलले जाई ते ऐकून माझ्यातला वकील अस्वस्थ होई. मालकाने साधने दिली नाहीत तर कारभाऱ्याला जाब कोणत्या न्यायाने विचारावा? देवस्थानाच्या समितीने तेलातुपाचा पुरवठा थांबविला, तर गाभारा अंधारला म्हणून पुजाऱ्यास दोष देणारा भक्त भाबडा म्हणावा लागेल. सिंग्टो यांच्या डावपेचांत उणिवा नव्हत्या असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या मोसमात बचाव वारंवार उघडा पडत होता, हे कोणासही दिसत होते. पण ज्या दिवसांत निघून जाणे सर्वांत सोपे होते, त्या दिवसांत ते मुलांना घेऊन मैदानात उभे राहिले. गुणतक्त्यात या गोष्टीला रकाना नाही.

मग २०२५ मध्ये संघच गेला. नव्या मालकांनी तो दिल्लीस नेला, नावही बदलले. तत्पूर्वी दिल्लीचा संघ २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेलाच होता. पुण्याचे हैदराबादला, दिल्लीचे भुवनेश्वरला, हैदराबादचे दिल्लीला! आमच्या कायद्यात सार्वजनिक देवस्थानाचा विश्वस्त चुकला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९२ व्या कलमाखाली हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा लावू शकतात. सेवेकरी देवाच्या हिताविरुद्ध वागला तर साधा भक्तही देवाच्या वतीने उभा राहू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले. फुटबॉल क्लब मात्र कंपनी आहे. अंबरपेठेहून सारे शहर ओलांडून गच्चीबावलीच्या मैदानावर जाणारा प्रेक्षक कायद्याच्या दृष्टीने केवळ तिकीट घेतलेला गिऱ्हाईक आहे. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबाच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असावीच लागतात. आपल्याकडे असा नियम नाही.

स्थलांतर हीच वाईट गोष्ट आहे असे आपल्या समाजाने तरी म्हणू नये. १५६० साली कुशस्थळीहून श्रीमंगेश प्रियोळास गेले; शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली. पण ते देव भक्तांनी नेले, संकटात वाचविण्यासाठी नेले, आणि भक्तांचे नाते त्यांच्याबरोबर गेले. कुळावी आजही तेथे जाऊन आपल्या देवापुढे नारळ ठेवतो. आमचा संघ जाताना आम्हांस कोणी विचारले नाही; आणि दिल्लीतील त्या संघावर आमचे नाव नाही, की त्याचा इतिहास आमच्याबरोबर राहिलेला नाही.

मार्केझ यांचा संघ मी आनंदाने पाहिला; सिंग्टो यांचा संघ आदराने पाहिला. दिल्लीकरांनी नव्या संघावर अवश्य प्रेम करावे. मात्र आमच्याप्रमाणे केवळ टाळ्या वाजवून थांबू नये. संघाच्या कारभारात आपला शब्द कोठे ऐकला जाईल, हे आरंभीच विचारून ठेवावे. पुण्याच्या रसिकांनी हा सल्ला आम्हांस दिला असता. आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही एवढेच.