घायपाताचा अर्क

गेल्या नाताळात हैदराबादेस, नारायणगुड्यातील आमच्या धाकट्या बंधूंच्या घरी, चार दिवस राहण्याचा योग आला. निजामाच्या राजवटीत या भागात सरकारी दारूभट्टी होती व संस्थानात मोहाच्या फुलांची दारू गाळीत, हे बंधूंनीच आम्हांस हसत सांगितले. ते हसणे आम्हांस बोचले. दारूपायी त्यांनी अर्धा संसार गमावला होता. आता अकरा वर्षे झाली, त्यांनी थेंबासही स्पर्श केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचे जावई आले. नोकरीनिमित्त मेक्सिकोस गेले असता त्यांनी जुनी मुरविलेली टकिला आणली होती. बाटली पाहून वहिनी आत निघून गेल्या. आम्हीही संकोचलो; पण बंधू म्हणाले, “दादा, तुम्ही घ्या. माझे काही नाही.”

वाचकहो, शेताच्या बांधावर ज्याचे काटे आपल्या धोतरास लागतात आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतात, त्या घायपाताच्याच कुळातील निळसर झाडाचा हा अर्क. झाड वाढावयास सहा-सात वर्षे लागतात. मग पाने छाटून अननसासारखा दिसणारा गाभा काढावयाचा, विटांच्या भट्टीत दोन-तीन दिवस भाजावयाचा, जुन्या रीतीने दगडी चाकाखाली चिरडावयाचा, रस आंबवून दोनदा गाळावयाचा. गाळलेला अर्क पाण्यासारखा स्वच्छ असतो. रंग येतो तो ओकच्या पिंपात. निदान एक वर्ष पिंपात राहिल्यावाचून त्यास ‘अन्येहो’ म्हणता येत नाही. चिठ्ठीवर ‘१०० टक्के अगावे’ असे नसेल, तर निम्मी साखर उसाचीही असू शकते, हे जावईबापूंनी आवर्जून सांगितले. आपल्या दख्खनच्या घायपातापासूनही डेस्मंड नाझरेथ यांनी असा अर्क काढून २०११ साली बाजारात आणला. त्यास टकिला मात्र म्हणता येत नाही. ते नाव १९७४ पासून मेक्सिकोने राखून ठेवले आहे.

मीठ-लिंबू चाटून घोट घशात लोटणे, ही रीत या अर्काला शोभत नाही. (लग्नमांडवात आम्हीही दुसरे काय करीत आलो?) जावईबापूंनी लहान पेल्यात बोटभरच ओतली. प्रथम वास, मग ओठ भिजतील एवढाच घोट, तो जिभेवर फिरवून सावकाश गिळावयाचा. प्रथम गुऱ्हाळाची आठवण झाली, मग दालचिनीची. शेवटी किंचित कडवटपणा मागे राहिला. आणखी एक वास होता, तो काही केल्या ओळखता येईना.

बंधूंनी हात पुढे केला. आम्ही क्षणभर थबकलो, पण पेला दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले.

“भाजलेले रताळे, दादा,” ते म्हणाले. “आईच्या चुलीतले.” मग थोड्या वेळाने, “इतकी वर्षे प्यालो, पण वास कधी घेतला नाही. घसा जळला की झाले.”

पेला त्यांनी आम्हांस परत दिला, बाटलीस स्वतःच्या हाताने बूच लावले आणि ती जावयांपुढे ठेवली. “जाताना आठवणीने न्या, जावईबापू.” एवढ्यात वहिनी कॉफी घेऊन बाहेर आल्या.